मॉरिशसची वकिली आणि दिएगो गार्सियाचा धडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये हिंदी महासागराच्या मध्यावर असलेल्या पेरॉस बानोस या निर्मनुष्य कंकणद्वीपावर मॉरिशसचा चौरंगी राष्ट्रध्वज उभारण्यात आला. ध्वज उभारणारे गृहस्थ सेनापती नव्हते, की मंत्रीही नव्हते. संयुक्त राष्ट्रसंघातील मॉरिशसचे स्थायी प्रतिनिधी जगदीश कुंजल हे ते गृहस्थ. त्यांच्याबरोबर युद्धनौका नव्हती. होते ते भाड्याने घेतलेले एक जहाज, समुद्राची मोजणी करणारे तज्ज्ञ, काही पत्रकार आणि अर्ध्या शतकापूर्वी याच बेटांवरून हुसकावून लावलेली काही माणसे. ब्रिटनच्या लेखी हा चागोस द्वीपसमूह त्या दिवशीही ब्रिटिश प्रदेशच होता. तरीही ब्रिटनने या मंडळींना अडविले नाही. एकेकाळी ज्या सत्तेने एका पेन्सिलरेषेने ही बेटे मॉरिशसपासून तोडली, तिला हे निमूटपणे पाहावे लागले. असे का घडले, याचे उत्तर पुष्कळ अंशी कुंजल यांच्या कारकीर्दीत सापडते. आणि लहान राष्ट्राची वकिली कशी करावी लागते, तिला कोठे यश येते व कोठे मर्यादा पडते, हेही त्याच कारकीर्दीवरून कळते.

या दूरच्या बेटाशी मुंबईकरांचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. बोरिवली, अंधेरी व कुर्ला या तीन तालुक्यांच्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९३ लाखांहून अधिक होती. सबंध मॉरिशसची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, म्हणजे या एका जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. परंतु त्या साडेबारा लाखांत मराठी घराणीही आहेत. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर राबण्यासाठी गिरमिटावर जे भारतीय तेथे नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मजूर होते. त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा शाळेत शिकण्याची सोय टिकवली. गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते. घाटकोपर-मुलुंडच्या ज्या चाळींतून गणपतीला कोकणात जाण्यासाठी गाड्यांचे आरक्षण महिनोन्‌महिने आधी केले जाते, त्या चाळींतील माणसांचे हे दूरचे भाऊबंदच होत. त्यांच्या राष्ट्राने सहा दशके चालविलेला लढा म्हणूनच परका मानता येत नाही.

या लढ्याचे मूळ १९६५ सालात आहे. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये चालू होती. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि तिची दृष्टी चागोसमधील दिएगो गार्सिया या बेटावर पडली होती. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम यांची स्वतंत्रपणे भेट घेतली. रामगुलाम यांना स्वातंत्र्याची आशा दाखवावी आणि ते हातचे जाईल ही भीतीही घालावी, अशा आशयाची टिपणी विल्सन यांच्यासाठी त्यांच्या कार्यालयाने तयार केली होती. ती पुढे कागदपत्रे खुली झाल्यावर जगापुढे आली. ३० लाख पौंडांच्या मोबदल्यात बेटे तोडून देण्यास संमती मिळविण्यात आली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत निर्माण केली. जगभर वसाहती मोडीत निघत असताना नवी वसाहत जन्माला आली, हा त्या दशकातील एक मोठाच विरोधाभास म्हटला पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्याच वर्षी १६ डिसेंबरला ठराव करून मॉरिशसचे तुकडे पाडणारे कोणतेही पाऊल उचलू नये असे बजावले. त्या ठरावाकडे लंडनने दुर्लक्ष केले. तथापि तो ठराव दप्तरी राहिला, आणि पुढे पन्नास वर्षांनी तोच उपयोगी पडला.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. याच सुमारास चागोसवरील वस्ती उठविण्यास प्रारंभ झाला. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे दीड हजार माणसांना १९७३ पर्यंत टप्प्याटप्प्याने मॉरिशस व सेशेल्समध्ये नेऊन सोडण्यात आले. तेथे त्यांची व्यवस्था अशी काहीच नव्हती. या माणसांना कायमचे रहिवासी न मानता कंत्राटी मजूर समजावे, म्हणजे त्यांच्या हक्कांचा प्रश्नच उरणार नाही, असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा हिशेब होता. कागदावरच्या एका शब्दाने माणसाचे गाव हिरावून घेता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. पुढे २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात ऑलिव्हिए बांकू या चागोसवासीयाने हद्दपारीविरुद्ध दावा जिंकला. पण २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने राजाज्ञेच्या मार्गाने परतीची वाट पुन्हा बंद केली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ती बंदी उचलून धरली.

कुंजल यांचे नाव जगाच्या वृत्तपत्रांतून प्रथम गाजले ते मात्र चागोसमुळे नव्हे, इराकमुळे. २००१ व २००२ या दोन वर्षांसाठी मॉरिशस सुरक्षा समितीचे अस्थायी सदस्य होते, आणि जानेवारी २००२ मध्ये समितीचे अध्यक्षपद क्रमाने मॉरिशसकडे आले होते. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने इराकविषयीचा कडक ठराव समितीपुढे मांडला. मॉरिशसच्या सरकारला अमेरिकेच्या बाजूने उभे राहावयाचे होते. त्याला कारणही तसेच होते. आफ्रिकी देशांच्या मालाला अमेरिकेची बाजारपेठ खुली करणारा कायदा २००० साली झाला होता; मॉरिशसच्या कापड उद्योगाला त्याचा लाभ होत होता; आणि त्या कायद्यात अशी अट होती की, लाभार्थी देशाने अमेरिकेची सुरक्षितता वा तिचे परराष्ट्रहित यांना बाधा आणता कामा नये. एवढेच नव्हे, तर या व्यापारव्यवस्थेची परिषद जानेवारी २००३ मध्ये खुद्द मॉरिशसमध्येच भरावयाची होती. अशा वेळी अमेरिकेच्या मसुद्याविषयी मॉरिशसच्या मनात शंका आहे, अशी समजूत आपल्या प्रतिनिधीच्या बोलण्यातून पसरते आहे, असे पोर्ट लुईच्या परराष्ट्र खात्याला वाटले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये कुंजल यांना माघारी बोलावण्यात आले. ८ नोव्हेंबरला ठराव क्रमांक १४४१ एकमताने मंजूर झाला.

या प्रसंगी कुंजल यांचे वर्तन बरोबर की त्यांच्या सरकारचे, हा वाद येथे गौण आहे. राजदूत हा सरकारचा प्रतिनिधी असतो आणि सरकारचे धोरण मांडणे हेच त्याचे कर्तव्य असते, हे मान्यच केले पाहिजे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. पंधरा सदस्यांच्या त्या मेजाभोवती लहान राष्ट्राला मत होते. पण त्या मताबरोबर शंका व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य नव्हते. मोठ्या राष्ट्राचा प्रतिनिधी घुटमळला तर त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. लहान राष्ट्राचा घुटमळला तर त्याच्या देशातील कापड गिरण्यांवर गदा येण्याची भीती निर्माण होते. दैवदुर्विलास असा की, मार्च २००३ मध्ये इराकवर जे हल्ले झाले, त्यांतील काही बॉम्बफेकी विमाने दिएगो गार्सियाच्या धावपट्टीवरून उडाली. मॉरिशस ज्या भूमीवर आपला हक्क सांगत होते, त्याच भूमीवरून ते युद्ध लढले गेले, आणि त्याबाबत मॉरिशसला कोणी एका शब्दानेही विचारले नाही.

कुंजल न्यूयॉर्कला परतले. लहान द्वीपराष्ट्रांच्या संघटनेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी समुद्राची पातळी वाढल्यास बुडण्याचा धोका असलेल्या देशांची बाजू मांडली. जानेवारी २००५ मध्ये या राष्ट्रांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद मॉरिशसमध्येच झाली. वरवर पाहता या कामाचा चागोसशी संबंध नाही. वस्तुतः तो फार जवळचा आहे. ज्या राष्ट्राकडे सैन्य नाही, मोठी तिजोरी नाही आणि नकाराधिकारही नाही, त्याची सारी मालमत्ता म्हणजे आमसभेतील एक मत आणि अशीच एकेक मते बाळगणाऱ्या इतर लहान देशांचा विश्वास. हा विश्वास ऐन वेळी उसना मिळत नाही. तो वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या प्रश्नांवर राबून जमवावा लागतो.

या जमवलेल्या पुंजीची गरज पुढे पडली, कारण न्यायालयाचा सरळ दरवाजा बंद होता. दोन राष्ट्रांमधील तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालावयाचा तर दोघांचीही संमती लागते. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले तंटे आपण या न्यायालयात चालू देणार नाही, अशी ब्रिटनची पूर्वीपासूनची भूमिका होती. मॉरिशस राष्ट्रकुल सोडून दावा लावण्याच्या विचारात आहे असे दिसताच, २००४ मध्ये ब्रिटनने आपल्या घोषणेत दुरुस्ती करून राष्ट्रकुलाच्या माजी सदस्यांनाही त्या अटीत गोवले. २०१० मध्ये चागोसभोवतीचा समुद्र ‘सागरी संरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाला. प्रवाळ व मासे यांचे रक्षण हा हेतू कोणालाही मान्य व्हावा असाच. परंतु मासेमारी बंद झाली की परतणाऱ्या माणसांचे चरितार्थाचे साधनही जाते, हे उघड होते. मॉरिशसने सागरी कायद्याच्या कराराखाली लवादाकडे धाव घेतली. मार्च २०१५ मध्ये लवादाने हे क्षेत्र जाहीर करण्याची ब्रिटनची कृती त्या कराराशी विसंगत ठरविली. सार्वभौमत्वाचा मूळ प्रश्न मात्र अनिर्णीतच राहिला.

तेव्हा उरलेली एकच वाट चोखाळण्यात आली. आमसभेला कोणत्याही कायदेशीर प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लादायी मत मागविता येते आणि त्यासाठी कोणाही एका राष्ट्राची संमती लागत नाही. आफ्रिकी गटाने असा ठराव मांडला. या वेळी कुंजल पुन्हा न्यूयॉर्कमध्ये स्थायी प्रतिनिधी होते. २२ जून २०१७ रोजी ९४ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, १५ विरुद्ध गेली आणि ६५ तटस्थ राहिली. या आकड्यांतील तिसरा आकडा सर्वांत बोलका आहे. युरोपातील बहुतेक राष्ट्रे तटस्थ राहिली होती. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल ब्रिटनने वर्षभरापूर्वीच दिला होता, आणि त्या घरातून निघणाऱ्यासाठी शेजाऱ्यांनी हात वर केला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निवडणुकीत ब्रिटनला आपला उमेदवार मागे घ्यावा लागला, भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी फेरनिवडून आले आणि १९४६ नंतर प्रथमच त्या न्यायासनावर ब्रिटिश न्यायाधीश उरला नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये हेगला सुनावणी झाली. १९६५ च्या लंडन परिषदेला उपस्थित असलेले सर अनिरुद्ध जगन्नाथ हे वयोवृद्ध नेते मॉरिशसच्या वतीने उभे राहिले. भारतानेही आपली बाजू मॉरिशसच्या समर्थनार्थ मांडली. लिझबी एलिझे या चागोसवासी स्त्रीचे निवेदन चित्रफितीद्वारे न्यायालयात दाखविण्यात आले. १९७३ मध्ये गर्भवती असताना तिला पेरॉस बानोसवरून बोटीत घालून नेण्यात आले होते आणि ते मूल जगले नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ अशा मतांनी सांगितले की, मॉरिशसचे वसाहतमुक्तीकरण कायदेशीर रीतीने पूर्ण झालेले नाही आणि ब्रिटनने चागोसवरील आपला कारभार शक्य तितक्या लवकर संपविला पाहिजे. त्यानंतर २२ मे २०१९ रोजी आमसभेने सहा महिन्यांची मुदत देणारा ठराव ११६ विरुद्ध ६ अशा मतांनी मंजूर केला. ५६ राष्ट्रे तटस्थ राहिली. ब्रिटनने मुदत पाळली नाही. सल्लादायी मत बंधनकारक नसते, हे त्याचे उत्तर होते.

येथे अनेकांना वाटले की सारे कागदी घोडेच ठरले. परंतु कागदाचेही एक सामर्थ्य असते आणि ते कारकुनाला ठाऊक असते. एकदा नोंद फिरली की तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर नोंदीही फिरू लागतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नकाशावर चागोस मॉरिशसचा भाग म्हणून दिसू लागला. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघटनेने त्या ब्रिटिश वसाहतीच्या नावाची टपाल तिकिटे अमान्य केली. त्याच वर्षी जानेवारीत सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने मालदीवबरोबरच्या सीमावादात ब्रिटनचा दावा निव्वळ दावा म्हणून बाजूला सारला. २०१९ च्या मतदानात मालदीवने मॉरिशसच्या विरुद्ध मत दिले होते, याचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. लहान राष्ट्रांची एकी गृहीत धरता येत नाही. न्यायाधिकरणापुढील त्या वादासाठी लागणारी समुद्रमोजणी हेच २०२२ च्या त्या जलप्रवासाचे निमित्त होते. म्हणजे कुंजल यांनी पेरॉस बानोसवर उभारलेल्या ध्वजाखाली नकाशे, तिकिटे, ठराव व निवाडे यांचा भक्कम पाया आधीच घातला गेला होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन्ही सरकारांनी सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे जाहीर केले आणि २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. तो करणारे मॉरिशसचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम हे १९६५ ची संमती देणाऱ्या शिवसागरांचे पुत्र. या करारान्वये सर्व बेटांवर मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य झाले. मात्र दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे राहावयाचा आणि त्यापोटी ब्रिटनने सरासरीने दरवर्षी सुमारे १० कोटी १० लाख पौंड द्यावयाचे आहेत. दगडापेक्षा वीट मऊ, या न्यायाने मॉरिशसने हे मान्य केले असावे. परंतु करारावर सही होणे आणि तो अमलात येणे यांत अंतर असते. अमेरिकेने मे २०२५ मध्ये या कराराचे स्वागत केले आणि जानेवारी २०२६ मध्ये तिच्याच अध्यक्षांनी त्यावर जाहीर टीकेची झोड उठविली. मोठ्या राष्ट्राची संमती ही दिल्यानंतरही दिलेली असेलच असे नाही, हा २००२ चाच अनुभव नव्या रूपाने पुढे आला.

याहून गंभीर उणीव दुसरी आहे. कराराने परतीची शक्यता इतर बेटांपुरती ठेवली; ज्या दिएगो गार्सियावर सर्वांत मोठी वस्ती होती, तेथे परत जाऊन राहण्याचा हक्क दिला नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दोन चागोसवासी स्त्रियांनी सहीच्या दिवशीच न्यायालयात धाव घेतली, त्यामुळे सही काही तास लांबली. आपल्या भूमीविषयी दोन सरकारांनी ठरविले, आपल्याला कोणी विचारले नाही, ही त्यांची तक्रार होती. वसाहतवादाविरुद्ध लढताना लहान राष्ट्राने कायद्याची जी भाषा वापरली, ती राष्ट्रांची भाषा होती. त्या भाषेत सार्वभौमत्वाला शब्द आहे; गावाला, मळ्याला, पूर्वजांच्या कबरींना नाही. मॉरिशसच्या मुत्सद्द्यांनी ब्रिटनकडून जे न्यायाने मागितले, तेच चागोसवासी आता मॉरिशसकडे मागणार, आणि ते देण्यात हे राष्ट्र कमी पडले तर त्याच्या विजयाचे नैतिक मोल निम्म्यावर येईल.

भारताच्या दृष्टीनेही हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही. १९७१ मध्ये श्रीलंकेच्या पुढाकाराने आमसभेने हिंदी महासागर हा शांतताक्षेत्र म्हणून घोषित केला, तेव्हा भारत त्या कल्पनेचा खंदा पुरस्कर्ता होता. दिएगो गार्सियाच्या तळाला दिल्लीचा विरोध जाहीर होता. आज परिस्थिती बदलली आहे. भारताने २०१७ व २०१९ या दोन्ही वेळी मॉरिशसला मत दिले, आणि २०२५ च्या कराराचे स्वागत करताना परक्या तळाच्या ९९ वर्षांच्या मुदतीला हरकत घेतली नाही. मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर भारताच्या साहाय्याने बांधलेल्या धावपट्टीचे व धक्क्याचे उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. समुद्रावरील वाढत्या स्पर्धेत असे करणे आवश्यक असेलही. परंतु लहान बेटावर मोठ्या राष्ट्राची धावपट्टी उभी राहिली की तेथील रहिवाशाच्या मनात कोणती आठवण जागी होते, हे दिल्लीने विसरता कामा नये. अगालेगाच्या माणसांना प्रत्येक टप्प्यावर विश्वासात घेणे, हीच भारत आणि जुन्या साम्राज्यसत्ता यांच्यातील खरी भेदरेषा ठरेल.

जगदीश कुंजल यांच्या कारकीर्दीचे सार काढावयाचे तर ते एका वाक्यात सांगता येईल: लहान राष्ट्र वर्तमानकाळात मोठ्यांपुढे क्वचितच जिंकते, पण त्याने कागद जपला आणि मैत्री जपली तर पुढच्या पिढीला ते जिंकू शकते. १९६५ चा ठराव १९६६ मध्ये निरुपयोगी वाटत होता; २०१९ मध्ये तोच न्यायालयाच्या विचारात आधारभूत ठरला. २००२ मध्ये जो प्रतिनिधी मोकळेपणाने शंकाही व्यक्त करू शकला नाही, तो वीस वर्षांनी वादग्रस्त भूमीवर ध्वज उभारू शकला. या मधल्या वीस वर्षांत मॉरिशसचे लष्करी बळ तसूभरही वाढले नव्हते. वाढली होती ती त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्या राष्ट्रांची संख्या. बळी तो कान पिळी या न्यायाने चालणाऱ्या जगात हा हिशेब आशादायक आहे. मात्र तो पुरा झाला असे म्हणण्यासाठी पेरॉस बानोसवर ध्वजाबरोबर पुन्हा घरेही उभी राहावी लागतील.